मुंगीचा भाग आणि रुसलेले काका

ताई,
मी इंग्लंडात लेस्टरला असतो. माझे सख्खे काका १९७२ साली नगरहून इथे आले, आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. बारा वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी आलो तेव्हा पहिल्याच शनिवारी त्यांनी जेवायला बोलावलं आणि जेवणं झाल्यावर ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही जुनी ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिका लावली. मला निम्मं कळलं नाही, पण हसून हसून पोट दुखलं. तेव्हापासून आमचा शनिवार ठरलेला. काकू चिवडा आणि चहा देणार, आम्ही दोघं दोन भाग बघणार. तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग संपला की काका परत पहिल्या डीव्हीडीवर. चौथ्या पर्वात जॉन क्लीझ हा नट नाही, म्हणून ते त्यांनी मला कधीच दाखवलं नाही. “क्लीझ गेला, संपलं,” एवढंच म्हणायचे. मी ते घरी एकट्याने पाहिलं आणि मला फार आवडलं. विशेषतः मुंगी विकत घ्यायला दुकानात जाणाऱ्या माणसाचा भाग.
दिवाळीनंतरच्या शनिवारी मी हट्टाने तो भाग लावला. मुंगीच्या काउंटरपाशी काका एकदा हसले, मग एकदम गप्प झाले. अर्ध्यात त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, “नुसत्या पाट्या टाकल्यात. तुम्ही मागाहून आलेले, तुम्हाला काय फरक कळणार.” माझा तोल गेला. मी म्हणालो, “काका, तुमचं वय झालंय. चौऱ्याहत्तर साली जे ठरवलंत त्यावरच शिक्का मारून बसलात. सगळ्यात भारी पर्व हेच आहे.” ते उठून आत गेले. अडीच महिने झाले, शनिवार बंद आहे. काकू फोन करते, काका फोनवर येत नाहीत. ताई, मालिका खरंच घसरली होती का? आणि खोटं न बोलता मी हे मिटवू कसं?
– लेस्टरचा पुतण्या

प्रिय पुतण्या,

तुमच्या पत्रात भांडणं दोन आहेत आणि तुम्ही ती एकाच पिशवीत भरली आहेत. छोटं दिसणारं आधी घेऊ, कारण खरी जखम तिथे आहे.

काका आत उठून गेले ते चौथ्या पर्वामुळे नाही. “तुमचं वय झालंय” या वाक्यामुळे गेले. ज्या माणसाने बारा वर्षं तुम्हाला शेजारी बसवून आपली सगळ्यात लाडकी गोष्ट दाखवली, त्याला तुम्ही सांगितलंत की आता तुमच्या आवडीला किंमत नाही. यासाठी माफी मागा, आणि ती समोर बसून मागा. शनिवारची वाट बघू नका. मधल्या एखाद्या वारी जा, काकूंना आधी कळवून ठेवा, आणि डीव्हीडी नेऊ नका. “मी तसं बोलायला नको होतं” एवढं म्हणा आणि थांबा. त्या वाक्याला “पण चौथं पर्व तसं चांगलंच आहे” अशी शेपटी लावलीत तर ती माफी राहणार नाही, भांडणाचा पुढचा भाग होईल.

काकांनीही तुम्हाला टोचलं आहे, हे मला दिसतं. “मागाहून आलेले” हा शब्द परदेशातल्या आपल्या माणसांत फार बोचतो. आधी आलेल्यांनी थंडी सोसली, भाड्याच्या खोल्या सोसल्या, आणि नंतरचे आयत्या बिऱ्हाडावर आले, असा त्याचा सूर असतो. तुम्हाला तो लागला असणार. तरी त्याचा हिशेब आत्ता मागू नका. शनिवार पुन्हा सुरू झाला की काका आपणहून काहीतरी बोलतील, किंवा न बोलता तुमच्या बशीत जास्त चिवडा घालतील.

आता मालिकेकडे येते. घसरली होती का? हो, घसरली होती. माझं मत स्पष्ट आहे आणि ते तुमच्यापेक्षा काकांच्या जवळचं आहे, वाईट वाटून घेऊ नका. सहा भागांचं ते पर्व मी तीनदा पाहिलं आहे. त्यात काही फार उंच जागा आहेत, पण मधले सपाट पट्टे पहिल्या दोन पर्वांत नव्हते इतके लांब आहेत. ‘सगळ्यात भारी’ हे तुमचं विधान रागात आलेलं आहे. ते मागे घेतलंत तर तुम्ही खोटं बोलणार नाही.

काकांनी ते पर्व कसं पाहिलं असेल त्याचा जरा विचार करा. ५ ऑक्टोबर १९६९ ला, रविवारी रात्री उशिरा, बीबीसी वनवर पहिला भाग लागला. तीन पर्वं, प्रत्येकी तेरा भाग. तिसरं संपलं जानेवारी १९७३ मध्ये. मग जवळजवळ एकवीस महिने नवीन काही नाही. आणि ३१ ऑक्टोबर १९७४ च्या गुरुवारी चौथं आलं तेव्हा सगळंच बदललेलं. चॅनल बदलून बीबीसी टू झालेलं. नावातलं ‘फ्लाइंग सर्कस’ गळून नुसतं ‘मॉन्टी पायथन’ उरलेलं. तेराऐवजी सहाच भाग. आणि मालिका लिहिणाऱ्या-करणाऱ्या सहाजणांतला एक, क्लीझ, गायब. तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हते. भाग लागला की बघायचा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत तोच मनात घोळवायचा. तुम्ही पंचेचाळीसच्या पंचेचाळीस भाग जवळ ठेवून बघता, आवडलेली जागा मागे नेऊन पुन्हा बघता. काकांनी ते सहा भाग दीड वर्षाहून जास्त वाट बघून, एकेकदा पाहिले. वाट बघणाऱ्याची निराशा मोठी असते आणि ती खोटी नसते.

पण त्या एका माणसाच्या जाण्याने नेमकं काय गेलं, यावर तुम्ही दोघं कधी बोललात का? ‘क्लीझ गेला’ म्हणजे पडद्यावरचा उंच, करारी चेहऱ्याचा, सूट घातलेला माणूस गेला, असं बहुतेकांना वाटतं. तेही खरं आहे. पण त्याहून मोठं नुकसान लिहिण्याच्या टेबलावर झालं. ही मंडळी जोड्यांनी लिहायची. केंब्रिजचे जॉन क्लीझ आणि ग्रॅहम चॅपमन एकत्र, ऑक्सफर्डचे मायकेल पेलिन आणि टेरी जोन्स एकत्र, एरिक आयडल एकटे. अमेरिकेहून आलेले टेरी गिल्यम चित्रं कापून, हलवून मधले सांधे जोडायचे.

मेलेल्या पोपटाचं स्किट घ्या, तुम्ही दोघांनी ते पन्नासदा पाहिलं असेल. मूळ कल्पना बिघडलेली गाडी विकणाऱ्या माणसाची होती. गाडीत दोष आहे हे तो कबूलच करत नाही. चॅपमन आणि क्लीझ यांनी ती १९६८ च्या एका कार्यक्रमासाठी लिहिलीही होती. पायथनसाठी तिच्यावर पुन्हा बसले तेव्हा तिथे पोपट आणला तो चॅपमन यांनी. आता बारकाईने बघा. काउंटरवर पिंजरा. गिऱ्हाईक म्हणतं, पोपट मेलेला आहे. दुकानदार म्हणतो, विश्रांती घेतोय. पोपट दांडीवर सरळ बसला होता कारण त्याला खिळे ठोकले होते, हे उघड होतं, आणि दुकानदार त्यालाही कारण देतो. गिऱ्हाईक पोपट काउंटरवर आपटतं, तरी वाद चालूच. यात पोपटाइतकाच महत्त्वाचा आहे तो वादाचा नेटकेपणा. क्लीझ यांचं पात्र एकही पायरी न गाळता, वकिलासारखं एकेक मुद्दा मांडत जातं. वेडेपणा चॅपमनचा आणि त्याला लागणारी शिस्त क्लीझची, असं मी त्या जोडीकडे बघते. पैसे देऊन वाद विकत घेण्याचं स्किट, चीज नसलेलं चीजचं दुकान, सगळी याच घराण्यातली.

चौथ्या पर्वात ही शिस्त कमी पडली. पेलिन-जोन्स यांची ओढ लांब गोष्टीकडे, एका दृश्यातून दुसऱ्यात वाहत जाण्याकडे. आधी त्या ओढीला क्लीझ-चॅपमन यांचे आवळ बांधलेले तुकडे तोलून धरायचे. तो काटा एका बाजूला झुकला. काकांना जे ‘पाट्या टाकणं’ वाटलं ते माझ्या मते हे झुकणं आहे. त्या पाचजणांनी मेहनत कमी केली नव्हती. एवढा एक शब्द काकांनी मागे घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आणि काकांसाठी एक अवघड प्रश्न माझ्याकडे आहे. ते रेघ मारतात तिसऱ्या पर्वाच्या शेवटी. पण ज्यांच्या जाण्याने मालिका संपली असं ते मानतात, त्या क्लीझ यांनी रेघ आधीच मारली होती. आपण जुनंच पुन्हा करतोय ही त्यांची तक्रार तिसरं पर्व चालू असतानाच होती, आणि त्या कंटाळ्यातूनच ते बाहेर पडले. म्हणजे क्लीझ यांना प्रमाण मानायचं तर काकांचं लाडकं तिसरं पर्वसुद्धा घसरणीतच जमा होतं. मला ते मान्य नाही, कारण चीजचं दुकान आणि वादाचं दुकान दोन्ही तिसऱ्या पर्वातलीच. मग क्लीझ यांचा शब्द अखेरचा नाही, हे मलाही धरून चालावं लागतं आणि काकांनाही.

आता तुमच्या मुंगीकडे. काका तिथे एकदा हसले, असं तुम्ही लिहिलंत आणि पुढे निघून गेलात. मी तिथेच अडकले. क्लीझ पडद्यावर नव्हते, पण या पर्वातल्या काही लेखनाचं श्रेय त्यांना दिलेलं आहे, आणि मुंगीच्या या भागात त्यांची लेखणी आहे. भाग नीट बघितलात तर ती ओळखूही येते. एक माणूस मोठ्या दुकानात मुंगी विकत घेतो. घरी आल्यावर टीव्हीवर कळतं की मुंगीला सहा पाय असतात, आणि याच्या मुंगीला चारच. तो तक्रार करायला परत दुकानात जातो. जनावर विकत घेणं, ते सदोष निघणं, काउंटरवर जाऊन दाद मागणं. पोपटाचीच धाकटी बहीण ही! फरक एवढाच की पोपटाचं स्किट एका काउंटरवर घट्ट उभं राहतं आणि मुंगीचं पूर्ण अर्धा तास भटकतं. एका विभागातून दुसऱ्यात, मध्येच इंग्रजी कवी मुंग्यांवर कविता वाचतात, आणि जो तो या माणसाला मायकेल एलिस नावाचा भलताच कोणी समजतो. काकांचं हसू काउंटरवर आलं आणि भटकंती सुरू झाल्यावर थांबलं. तुम्हाला भटकंतीच आवडली. तुमच्या दोघांच्या आवडीतलं अंतर एवढंच आहे, आणि एकदा ते दिसलं की त्यावर पुढचे दहा शनिवार बोलता येईल.

भटकंतीच्या बाजूने मला बोलायचं आहे, कारण पायथन सुरू झालं तेच तिच्यासाठी. शेवटी पंच, म्हणजे हशा पिकवणारं शेवटचं वाक्य, आलंच पाहिजे, ही जुन्या स्किटची सक्ती त्यांना नको होती. आणि इथे तुमच्या घराण्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. त्यांच्या आधी काही महिने, मार्च १९६९ मध्ये, बीबीसी टूवर ‘क्यू फाइव्ह’ नावाचा कार्यक्रम लागला. त्यात स्किट मध्येच सोडून देत, पंचची वाटच बघत नसत. तो करणारे स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ चा, आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. वडील ब्रिटिश सैन्यात होते, आणि बालपणाचा मोठा काळ पुण्यात गेला. तो कार्यक्रम पाहून जोन्स आणि पेलिन यांना धक्काच बसला होता की आपल्याला जे करायचं होतं ते या माणसाने आधीच केलं. मग त्यांनी क्यू फाइव्हचेच दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांना आपल्याकडे घेतलं. काका नगरचे आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिलं. त्यांना कदाचित ठाऊकही असेल, पण तुम्हाला ते सांगण्याचा आनंद त्यांना मिळू द्या. तुम्ही विचारा, उत्तर त्यांना देऊ द्या.

तर चौथ्या पर्वात ही मंडळी मूळ हेतूच्या जास्त जवळ गेली, आणि म्हणूनच कमी हसवू लागली. मला त्याचं वाईट वाटतं, पण राग येत नाही. पंच सोडला की हसू कुठे फुटावं याची खूण जाते. ती खूण नसताना अर्धा तास हसवत ठेवणं फार कठीण. मुंगीच्या भागात ते पुष्कळ जमलं, इतर काही भागांत नाही जमलं.

आणखी एक गोष्ट मला काकांना स्वतः सांगावीशी वाटते. याच सहा भागांवरून न्यायालयात खटला झाला. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने १९७५ मध्ये त्यातले तीन भाग जोडून एक कार्यक्रम केला आणि नव्वद मिनिटांतली चोवीस मिनिटं कापून टाकली. तसाच दुसरा कार्यक्रम थांबवायला पेलिन आणि गिल्यम न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या कामाची अशी मोडतोड करता येणार नाही, असं १९७६ मध्ये वरच्या न्यायालयाने म्हटलं. गिल्यम विरुद्ध एबीसी हा निकाल लेखकांच्या हक्कांबाबत आजही उल्लेखला जातो. पाट्या टाकलेल्या कामासाठी कोणी समुद्र ओलांडून कोर्टात उभं राहत नाही. त्यांना ते आपलं काम वाटत होतं, कमी हसू आलेलं असलं तरी आपलंच.

‘संपलं’ या शब्दाबद्दलही थोडं. ज्या वर्षी टीव्हीवर चौथं पर्व काकांची निराशा करत होतं, त्याच वर्षीच्या वसंतात ही सहाच्या सहा मंडळी, क्लीझसकट, स्कॉटलंडच्या चिखलात होली ग्रेलच्या, म्हणजे दंतकथेतल्या पवित्र पेल्याच्या, शोधाचा सिनेमा करत होती. तो १९७५ मध्ये आला. त्याच वर्षी क्लीझ यांची ‘फॉल्टी टॉवर्स’ ही विनोदी मालिका सुरू झाली, दोन पर्वांत मिळून बारा भाग, प्रत्येक भाग घड्याळासारखा जुळवलेला. पायथनमधून गेलेली शिस्त तिथे गेली होती. तेव्हा मालिका घसरली म्हणायला हरकत नाही, पण माणसं संपली नव्हती. काका या दोन्ही गोष्टी बघतात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बघत असतील तर त्यांना हे पटायला जड जाऊ नये.

एका बाबतीत मात्र मी दोघांवरही नाराज आहे. ‘तुम्हाला काय कळणार’ आणि ‘तुमचं वय झालं’ ही दोन्ही वाक्यं समोरच्याला बघण्याचाच हक्क नाकारतात. आवडत्या मालिकेवरून भांडताना माणसं इथवर फार लवकर येतात, कारण तिच्यावर टीका झाली की आपल्यावरच झाली असं वाटतं. तुम्ही आता ‘पर्व’ हा शब्दच बाजूला ठेवा. अख्ख्या पर्वावर निकाल देऊ नका. एक भाग, त्यातलं एक काउंटर, तिथला एक चेहरा, एवढ्यावर बोला. “इथे तुम्ही हसलात, पुढे का नाही हसलात?” हा प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. चौऱ्याहत्तरच्या त्या गुरुवारी ते कुठे होते, कोणाच्या टीव्हीवर बघत होते, तेही विचारा. बारा वर्षांत तुम्ही हे विचारलेलं पत्रात कुठे दिसलं नाही.

मग एखाद्या शनिवारी, त्यांची इच्छा दिसली तरच, तो भाग पुन्हा लावा. या वेळी रिमोट काकांच्या हातात द्या, आणि त्यांनी बंद केला तर बंद राहू द्या. शेवटापर्यंत गेलात तर तिथे तो माणूस दुकानातल्या आणखी एका विभागात पोचतो. त्या विभागात कार्यक्रमाचे शेवट विकायला ठेवलेले असतात. विक्रेता एकेक नमुना दाखवत जातो, मावळतीकडे चालत जाण्याचा, पाठलागाचा, गोड शेवटाचा. काकांनी अर्ध्यात टीव्ही बंद केला म्हणजे ते काउंटर त्यांनी १९७४ नंतर पाहिलेलंच नाही. तिथे क्षणभर थांबवा आणि काकांना विचारा, यातला कुठला शेवट त्यांनी विकत घेतला असता.

– तुमची ताई